तीन नंबरच्या खोलीतलं शून्य

तेरखेड्याच्या माळावर एक फटाक्यांचा कारखाना होता. तिथल्या दारूच्या खोल्या एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या. आत जाताना बायका चपला बाहेर काढत आणि मुकादमबाई ते जोड मोजून आत किती जणी आहेत ते सांगत. मालकांना हे मागासलेलं वाटलं, म्हणून मी प्रत्येक दाराशी टॅबलेट बसवून दिला. आत-बाहेर करताना बिल्ला टेकवायचा, की आतल्या बायकांची यादी सर्व्हरकडे जायची आणि कचेरीतल्या स्क्रीनवर आकडा दिसायचा.

महिन्याभरात मुकादमबाईंचा फोन आला. "म्याडम, आत माणूस असतंय अन् ह्यो शून्य दावतोय. रोज न्हाय, कधीमधी."

मी गेले. दोघींना आत पाठवलं, दोन दिसले. चौघींना पाठवलं, चार. दहादा करून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. मग मी शेफारलेच. "आता चपला मोजणं सोडा," मी त्यांना ऐकवलं.

त्यांनी सोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण. भर उन्हाच्या वेळी खोल्या रिकाम्या करून कुलूप लावायची रीत होती. त्या दुपारी त्यांनी स्क्रीन पाहिला: तीन नंबर, शून्य. दारापाशी चप्पलही नव्हती. कुलूप लावून त्या बाकीच्या बायकांबरोबर लांबच्या लिंबाखाली जेवायला गेल्या.

मी कचेरीत एकटीच. टॅबलेटनं काय पाठवलं आणि सर्व्हरला काय मिळालं, ते ताडून पाहत होते. मधेच कुणीतरी बाई अगदी हलक्या आवाजात बोलतेय असं वाटलं. खिडकीशी गेले. समोर तीन नंबरची कुलूपबंद खोली, बाकी माळावर चिटपाखरू नव्हतं. परत बसले, तर पुन्हा तेच. पंखा बंद केला, पुन्हा खिडकीत जाऊन उभी राहिले. काही नाही. भर दुपारी अंगावर काटा आला, आणि मी स्वतःलाच हसले.

मग ती नोंद सापडली. तीन नंबरच्या टॅबलेटनं आजच एक बिल्ला पाठवला होता, सर्व्हरकडे यादी रिकामी. दोघी किंवा जास्त असल्या की माझा प्रोग्राम यादी पाठवायचा. एकच उरली की यादी न करता तिची सुटी नोंद तशीच धाडायचा. सर्व्हर यादीची वाट बघणारा. त्याला ती नोंद ओळखूच यायची नाही, आणि तक्रार न करता तो रिकामी यादी मांडायचा. तपासताना मी एकटीला कधी आत पाठवलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या एका बिल्ल्याची बाहेर आल्याची नोंद कुठंच नव्हती.

मी मुकादमबाईंच्या नावानं ओरडत पळत सुटले. कुलूप काढलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. कोपऱ्यात एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती, घामानं निथळत, ओठ पांढरे पडलेले. तिनं तुळजापूरच्या आईला नवस बोलला होता; महिनाभर चप्पल घालत नव्हती. मंगळवारचा उपवास, म्हणून जेवायला न जाता वाती वळत बसलेली.

"अगं, दार का न्हाय वाजवलंस?" मुकादमबाई रडत होत्या.

"दारूच्या खोलीत लोखंडाचं दार कसं वाजवू, मावशी? ठिणगी पडली म्हंजी?" तिनं पाणी पिऊन माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, तेच मला जास्त लागलं. "हाका मारल्या की. म्याडम, तुमी दोनदा खिडकीत आला, जाळीतनं दिसला मला. वाटलं, ऐकलं तुमी."