टीव्हीबरोबर आलेली उज्ज्वला

शूटिंगच्या युनिटमध्ये काम केलेल्या बाईच्या घरी दोन गोष्टी आपोआप साठतात. सेफ्टीपिना आणि किस्से. दोन्ही कुणी मुद्दाम जमवत नाही, पण डबा उघडला की एकात एक अडकून आठ-दहा बाहेर येतात. माझ्या डब्यातले निम्म्याहून जास्त उज्ज्वलाचे आहेत. ती पुढे मुंबईला जाऊन मोठी झाली, मासिकांच्या कव्हरवर आली. तिच्या मुलाखती तुम्ही वाचल्या असतील. हे त्यांत नाही.

मी तेव्हा नोएडाच्या एका स्टुडिओत कंटिन्युइटी बघायची. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये हिरॉइनच्या हातात किती बांगड्या होत्या, दुधाचा ग्लास अर्धा होता की पाऊण, हे रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचं आणि पुढच्या शॉटला चुकलं की बोंबलायचं. केबल नुकतीच घरोघर पोचत होती, सारखं एखादं नवं चॅनेल निघत होतं, आणि ज्याच्याकडे रिकामी शेड तो प्रोड्यूसर होत होता. आमचे सेठीसाहेब त्यातलेच. आधी त्यांचा बाथरूमच्या टाइल्सचा धंदा होता.

*

सिरियलमधल्या श्रीमंत घरात रिमोटवाला मोठा कलर टीव्ही हवा होता. सेठीसाहेबांना तो विकत घ्यायचा नव्हता. मी बोलून गेले, "आमच्या सोसायटीत पेठेकाकांनी गेल्याच आठवड्यात घेतलाय." झालं! टेम्पो मयूर विहारला रवाना.

पेठेकाका गाझियाबादच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शब्द जपून वापरणारा माणूस. टीव्ही द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. सोबत त्यांची मुलगी येणार आणि टीव्हीशेजारी बसून राहणार. ही उज्ज्वला. वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. टेम्पोत मागे, गोधडीत गुंडाळलेल्या टीव्हीला मिठी मारून आली.

शॉट साधा होता. घरात कामाला असलेली मुलगी येते, रिमोटनं टीव्ही लावते, जाते. त्या कामासाठी आणलेल्या मुलीनं रिमोट उचलला, तोच कोपऱ्यातून आवाज, "हाथ मत लगाना!"

डायरेक्टर बग्गा सर वैतागले. "तो फिर कौन लगाएगा?"

"पापा ने बोला है, रिमोट सिर्फ मैं चलाऊंगी."

बग्गा सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "ठीक है. तू ही चला."

टीव्ही राहिला चार दिवस. मुलगी राहिली चार वर्षं!

*

त्या चार दिवसांत काढलेल्या एपिसोडांत ती नुसती टीव्ही लावायची आणि बंद करायची. मग बग्गा सरांनी तिला बोलतं करायचं ठरवलं. "लड़की मराठी है ना? मराठी स्टाइल की हिंदी बोलेगी. कॉमेडी होगी."

पंचाईत अशी, की उज्ज्वला दिल्लीत जन्मलेली. तिची हिंदी अस्सल दिल्लीवाली. घरी आईलासुद्धा "आई, मैं आ रही हूं गं" म्हणणारी पोरगी! दहा टेक झाले. तिला मराठी ढंग काही जमेना. ती रडकुंडीला आली, बग्गा सर डोकं धरून बसले.

शेवटी मीच मध्ये पडले. साताऱ्याहून लग्न होऊन दिल्लीत येऊन मला दहा वर्षं झाली होती. उभी राहिले आणि माझ्या उत्तम हिंदीत सांगितलं, "सर, आप चिंता मत करो. मैं उसको बराबर सिखाती. लडकी एकदम हुशार है, लेकिन अभी वो घाबर गयी है."

बग्गा सर हळूच म्हणाले, "उज्ज्वला, नोट कर. बिल्कुल ऐसे बोलना है."

मी शुद्ध हिंदी बोलत होते हो!

*

वर्षभरानं आमची हिरॉइन सुट्टीला म्हणून परदेशी गेली ती परत आलीच नाही. चॅनेलला चार एपिसोड द्यायचे होते. बग्गा सर म्हणाले, "पीठ दिखाते हैं."

उंची जुळत होती फक्त उज्ज्वलाची. तिला हिरॉइनची साडी नेसवली, खिडकीकडे तोंड करून उभं केलं, आणि बाकीचे सगळे त्या पाठीशी बोलायला लागले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "हिरॉइन, फक्त पाठ."

बाकी सगळ्यांना ती तडजोड वाटत होती. उज्ज्वलाला तो रोल वाटत होता. मला विचारायची, "काकू, राग आला की पाठ कैसी दिखती है?" दोन आरसे समोरासमोर ठेवून घरी प्रॅक्टिस करायची. रागाची पाठ वेगळी, रडू दाबलेली वेगळी. एका शॉटमध्ये सासू म्हणते, "तेरा पति अब नहीं आएगा," आणि हिचा फक्त डावा खांदा उतरला. इतकाच! लाइटवाल्या सरदारजींनी डोळे पुसलेले मी पाहिले.

चॅनेलचा माणूस टेप बघायला आला. चारही एपिसोड गप्प बसून बघितले आणि म्हणाला, "सेठीजी, लड़की बढ़िया है. अब इसको घुमा दो!"

मग गोष्टीत हिरॉइनचा अपघात झाला, प्लास्टिक सर्जरी झाली, पट्ट्या सुटल्या आणि खालून उज्ज्वला निघाली. कामवाली मुलगी अचानक कुठे गेली, हे देशात कुणीही विचारलं नाही. एक मी सोडून.

*

हिरॉइन झाली तरी सेठीसाहेबांची गाडी फक्त सेठीसाहेबांना आणायला जायची. उज्ज्वला बसनंच यायची. दिल्लीची बस म्हणजे काय, ते दिल्लीच्या मुलींना सांगावं लागत नाही. मी तिला माझ्या डब्यातली सगळ्यात मोठी सेफ्टीपिन देऊन ठेवली होती.

एकदा दुपारी गर्दीत एक माणूस मागून सारखा रेटत होता. ती दोनदा सरकली. तो दोनदा सरकला. तिसऱ्यांदा हिनं पिन उघडली आणि मागे न बघता खुपसली.

माणूस केवढ्यांदा ओरडला! सगळी बस वळली, तीही वळली. तिचा चेहरा बघून त्याचं दुखणंच थांबलं. "अरे! आप तो वो सीरियल वाली बहू हो ना? मेरी मिसेज़ आपकी बड़ी फैन है. एक ऑटोग्राफ मिलेगा?"

उज्ज्वला म्हणाली, "दे दिया, भाईसाब. घर जाके मिसेज़ को दिखा देना!"

आम्हाला सांगताना ती खूप हसली. मग मेकअपच्या खुर्चीत बसली, तेव्हा तिला बांगड्या काही केल्या चढवता येईनात. त्या दिवशी तिचा पहिला शॉट बिनबांगड्यांचा घेतला.

*

या सगळ्यात पेठेकाका एक शब्द बोलत नव्हते. मुलीचं नाव पेपरात आलं तरी नाही, सोसायटीनं सत्कार केला तरी नाही. सिरियलच्या वेळी ते बरोबर चक्कर मारायला बाहेर पडायचे.

एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभे. "वहिनी, जरा विचारायचं होतं." मला वाटलं, मुलीचं काम थांबवायला आले.

इकडे-तिकडे बघत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ती सासरी राहते, की माहेरी निघून येते?"

मी उडालेच. "काका, तुम्ही बघता?"

"मी नाही बघत. कारखान्यात मॅनेजर विचारतो. माझा रजेचा अर्ज त्याच्या टेबलावर पडून आहे."

"राहते सासरीच," मी म्हटलं.

काका खट्टू झाले. जिना उतरता उतरता थांबले. "यायला हरकत नव्हती खरं तर. आपलं घर काय लांब आहे?"

*

मुंबईहून बोलावणं आलं तेव्हा त्यांच्या घरी मी होते. मोठं बॅनर, रोजची सिरियल, हिची मध्यवर्ती भूमिका. उज्ज्वला फोन ठेवून वडिलांसमोर येऊन उभी राहिली. काका पंख्याकडे बघत होते.

"पप्पा, काहीतरी बोला ना."

"जा म्हणत नाही."

"मग नको जाऊ?"

"तसंही म्हणत नाही."

"तो मैं समझूं क्या, यार?" ही वडिलांना!

काकांनी पंख्यावरची नजर काढली नाही. "खिडकीची जागा मिळते का बघ. आतापासून रिझर्व्हेशन केलं तर मिळेल."

*

ती जाणार म्हटल्यावर गोष्टीत तिला मारणं आलं. डिसेंबर होता. शेडमध्ये इतकी थंडी, की डायलॉगबरोबर तोंडातून वाफ निघायची.

त्या दिवशी तिची आई पहिल्यांदाच सेटवर आली. पेठेकाकू घराबाहेर फारशा न पडणाऱ्या, हिंदी भाजीवाल्यापुरती. मी त्यांना माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "ॲक्शन म्हटलं की बोलायचं नाही हं." त्यांनी मान हलवली.

उज्ज्वला फरशीवर आडवी. लाल साडी, कपाळभर कुंकू, नाकात कापूस. भोवती दहा-बारा बायका.

"ॲक्शन!" बायकांनी हंबरडा फोडला.

माझ्या शेजारचं स्टूल रिकामं होतं. काकू चपला काढून बायकांच्या मधून वाट काढत आत गेल्या होत्या. अंगावरची चॉकलेटी शाल काढून त्यांनी मुलीला पांघरली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली आणि म्हणाल्या, "फरशी किती गार आहे गं."

बग्गा सर कट म्हणाले नाहीत. उज्ज्वला हलली नाही. मिटल्या डोळ्यातून एक थेंब तेवढा कानाकडे गेला.

पुष्कळ वेळानं कट झालं. बग्गा सर माझ्याकडे आले. "शैलाजी, दूसरे एंगल से भी चाहिए. माताजी से कहिए, एक बार और. बिल्कुल ऐसे ही."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "चॉकलेटी शाल, छातीपर्यंत." मग काकूंना विचारलं. त्या सरळ बग्गा सरांना म्हणाल्या, "पहले उसको उठके बैठने दो."

उज्ज्वला उठून बसली. काकूंनी तिच्या नाकातला कापूस काढला, थर्मासमधला चहा ओतून दिला. कप संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. सगळं युनिट उभं होतं. कुणी घाई करा म्हणालं नाही.

मग त्यांनी कापूस परत बसवला, आपल्या हातानं तिचं डोकं खाली टेकवलं, शाल उचलून पहिल्यासारखी स्वतःच्या अंगावर घेतली आणि बाजूला होऊन म्हणाल्या,

"हां भैया. अब मारो."