गोंदण पुसणारा फोन

“चेहरा तर अगदी स्वच्छ आहे. यांना माझ्याकडे कशासाठी जोडलंत?”

नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडम स्क्रीनकडे वाकून बघत होत्या. माझ्या फोनसमोर अनुसयाबाई बसली होती. तिच्या उजव्या गालावर रुपयाच्या नाण्याहून मोठा फिकट चट्टा होता. हातभर अंतरावरून मला तो दिसत होता. मॅडमना दिसत नव्हता.

“मॅडम, उजवा गाल,” मी बाजूला उभा राहून म्हणालो.

“तोच बघतेय. काही नाही तिथे.”

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडपासून थोडं आत असलेल्या एका गावच्या उपकेंद्रात सामुदायिक आरोग्य अधिकारी आहे. आम्हाला सीएचओ म्हणतात. मी बीएस्सी नर्सिंग केलं आहे, डॉक्टर नाही. गावातले लोक तरीही ‘डाक्टरसाहेब’ म्हणतात. वडील राईस मिलमध्ये पोती उचलायचे आणि घरातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे ही हाक ऐकून छाती फुगते आणि संकोचही होतो. छोटे आजार आम्ही बघतो. शंका आली की व्हिडिओ कॉलवर मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. त्याला टेलिकन्सल्टेशन म्हणतात.

माझी शंका कुष्ठरोगाची होती. आमच्या भागात हा आजार अजून अधूनमधून सापडतो. अंगावर फिकट चट्टा उठतो आणि बहुतेक वेळा त्या जागी स्पर्श कळत नाही. लवकर सापडला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हातापायाच्या नसा जातात, बोटं वाकतात. अनुसयाबाई गावात रोवणीच्या बायांची टोळी चालवते. धानाची रोपं चिखलात लावायची, तेही दिवसभर, बोटांच्याच जोरावर. मॅडमनी “काही नाही” म्हटलं की प्रकरण तिथेच मिटणार होतं, आणि बाई पुन्हा उपकेंद्राची पायरी चढणार नव्हती. तिला इथवर आणायलाच आमच्या आशा कार्यकर्तीला, पुस्तकलाताईला, तीन चकरा माराव्या लागल्या होत्या.

बरं, बाई आली ती लग्नाला निघाल्यासारखी. जरीची साडी, सुनेचा लांब बाह्यांचा ब्लाऊज, तोंडाला भरपूर पावडर.

“कायले एवढं सजून आली वं?” पुस्तकलाताईने विचारलं होतं.

“नागपूरची डाक्टरीन पायनार हाये ना मले. तिले वाटलं पायजे का गावातल्या बाया बी टापटीप राह्यतात.”

ताईने पदराने तिचा गाल पुसला, तेव्हा कुठे चट्टा दिसला होता.

मला मात्र तिला हसण्याचा अधिकार नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या ऑनलाइन आढावा बैठकीत तालुक्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, “अहो, तुम्ही काय भुयारातून बोलता का? चेहरा तरी दिसू द्या.” मला ते फार लागलं. मी दोन दिवस बसून व्हिडिओ कॉलवर चांगलं कसं दिसावं याचे व्हिडिओ पाहिले. उजेड समोरून हवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. मागे पसारा नको. मी लसीकरणाच्या तक्त्यावर निळी चादर टांगली, गरोदर मातांची रजिस्टरं एकावर एक रचून त्यावर फोन ठेवला आणि गोल दिवा विकत आणला. उपकेंद्राचा टॅब दुरुस्तीला गेला होता, म्हणून सगळे कॉल माझ्याच फोनवर चालले होते. त्या फोनमध्ये आणखी एक बटण मला सापडलं होतं. ते दाबलं आणि मी स्वतःलाच आवडलो.

तर त्या कॉलवर मॅडम म्हणाल्या, “उन्हाने त्वचा कोरडी पडली असेल. तेल लावायला सांगा. महिन्याने गरज वाटली तर दाखवा.”

“मॅडम, मी कापसाने संवेदना तपासली. स्पर्श कळतो, पण...”

“चेहऱ्यावरच्या चट्ट्याची संवेदना पुष्कळदा शाबूत असते. त्यावर भरवसा नको. म्हणून तर तो दिसायला हवा. पुढचा पेशंट वेटिंगला आहे.”

कॉल संपला. अनुसयाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची गाय चोरताना सापडलो होतो.

“पाह्यलं? साफ हाये म्हनते. तुमी काऊन घाबरवून राह्यले होते मले?”

“मावशी, मला तर दिसतोय चट्टा.”

“तुमचे डोळे तपासून घ्या मंग.” ती उठली, पुन्हा बसली. “आता एवढी तयार होऊन आली त एक फोटो काढा. पोरीले पाठवतो गोंदियाले.”

मी फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि समोरचा कॅमेरा चालू केला, म्हणजे तिला स्वतःला बघता येईल. ती आधी खूश झाली. “वा! मी त नवरीवानी दिसून राह्यली.” मग तिने फोन जवळ ओढला. मग आणखी जवळ.

“माह्यं गोंदन कुठी गेलं?”

तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके गोंदलेले आहेत. लहानपणी आजीने मांडीत दाबून धरून गोंदवून घेतलेले. स्क्रीनवर तिचं कपाळ लोण्यासारखं गुळगुळीत होतं. हनुवटीही तशीच. एक ठिपका नव्हता.

“मेल्यावर संगं येते ते एवढंच येते,” ती कडाडली. “आन तुमच्या फोननं जितेपनीच पुसून टाकलं?”

पुस्तकलाताई पाठीमागून वाकली. तिने आधी स्क्रीन पाहिली, मग बाईचा चेहरा, मग माझा.

“साहेब, गोंदन पुसते तो फोन चट्टा ठेवन काय?”

तेव्हा मला ते सापडलेलं बटण आठवलं. ते बटण म्हणजे ब्युटी मोड. चेहऱ्यावरचे डाग, पुरळ, सुरकुत्या फोन आपल्या मनाने पुसतो. व्हिडिओ कॉलवरसुद्धा. मी स्वतःसाठी चालू केलं होतं आणि विसरलो होतो. नागपूरला जो गाल पोचला, तो अनुसयाबाईचा नव्हताच.

आता मॅडमना परत कॉल लावायचा म्हणजे हे सगळं कबूल करायचं. मी दोन मिनिटं रजिस्टरं सरळ करत बसलो. खरं सांगतो, न लावण्याची कारणं शोधत होतो. पुस्तकलाताईने ती मला सापडू दिली नाहीत.

“लावता का मी लावू?” ती म्हणाली.

मी ब्युटी मोड बंद केला. गोल दिवा विझवला. बाईला तोंड धुवायला लावून व्हरांड्यात उजेडात बसवलं आणि फोन उलटा करून मागच्या कॅमेऱ्याने कॉल जोडला. मागचा कॅमेरा चांगला असतो, आणि त्यात पेशंटला स्वतःचं तोंड बघण्याचा मोह होत नाही. वीस मिनिटांनी आमचा नंबर लागला.

“मॅडम, माफ करा. माझ्या फोनमध्ये ब्युटी मोड चालू होता.”

मॅडम म्हणाल्या, “तरीच. गेल्या आठवड्यात तुम्ही इतके कोवळे दिसत होता, मला वाटलं नवीन भरती झाली.”

पुस्तकलाताई तोंडाला पदर लावून आत गेली.

मग मॅडमचा आवाज बदलला. “थांबा. हा दिसतोय. कडा बघा. बाई, ब्लाऊजच्या बाह्या वर करा.”

“त्याच्यात काय पाह्यता?” अनुसयाबाई म्हणाली. बाह्या घट्ट होत्या. ताईने बाहेर येऊन मोठ्या मुश्किलीने त्या कोपराच्या वर सरकवल्या. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, दुसरा चट्टा होता. तिने तो कोणाला दाखवला नव्हता, आणि मीही संकोचाने बाह्या वर करायला सांगितलं नव्हतं. ही चूक मात्र फोनची नव्हती.

मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक चट्ट्यावर टेकवलं. “मावशी, कळलं की बोला.”

ती वाट बघत राहिली. मी तीनदा टेकवलं.

“लावा ना मंग,” ती म्हणाली. “कवाची बसून राह्यली.”

कोणी हसलं नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, “उद्याच आरोग्य केंद्रात पाठवा. मी चिठ्ठी लिहिते.”

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलं आणि निदान पक्कं केलं. नसा शाबूत होत्या. सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळाल्या. आजाराचं नाव ऐकून अनुसयाबाई दोन दिवस घराबाहेर पडली नाही. पुस्तकलाताई तिच्या घरी जाऊन तिच्याच ताटात जेवून आली, त्यानंतर बाई बाहेर पडली. गोळ्या पूर्ण झाल्या. यंदाच्या रोवणीत तिची टोळी सगळ्यात पुढे होती, आणि मागे राहिलेल्या बायांना तिने बांधावरून ज्या शिव्या दिल्या, त्या मी रस्त्यावरून ऐकल्या.

मी एवढंच शिकलो. मीटिंगमध्ये चांगलं दिसावं, त्यात गैर काही नाही. डॉक्टरांसमोर मात्र आपण जेवढे वाईट आहोत तेवढे दिसलेलं बरं. आता कॉलच्या आधी मी प्रत्येकाला तोंड धुवून, बाह्या वर करून बसायला सांगतो. नटून आलेले लोक रागावतात. रागावू देतो. रागावलेला माणूस चांगलं दिसायचं विसरतो, आणि तो चेहरा तपासायला सोपा जातो.