उतरवलेला गंधार

अफझलगंजात माझं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्तीचं दुकान आहे. चौथीत शाळा सुटली, पण कानानं मला कधी दगा दिला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

गेल्या वर्षी पुण्याकडची एक पोरगी आली. इथं कंप्युटरच्या नोकरीला. तिला माझ्या वडलांची पायपेटी कंप्युटरात भरून घ्यायची होती. एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा, मग कुणीही घरबसल्या ती वाजवायची. रविवारी सकाळी, बसगाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, पंखा बंद करून बसलो. मी पायानं भाता मारायचा, ती सूर दाबून धरायची.

शेजारचा अत्तरवाला डोकावला. "क्या चाचा, बाजे का फोटू निकाल रईं क्या?"

"आवाज निकाल रईं. तुम आवाज नक्को करो."

गंधारावर ती थांबली. मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा बघत म्हणाली, "काका, हा उतरलाय. असू द्या, नंतर मी कंप्युटरात सरळ करते."

मी पाय थांबवले. "उतरला नाही, उतरवलाय."

वडील एका भजनी गवयाला साथ करायचे. त्याचा सा कायम एकाच जागी, पेटीतल्या पांढरी एकवर. त्याच्या गळ्याशी जुळावा म्हणून वडलांनी तंबोरा लावून, पितळी पट्टी घासून घासून तो गंधार केसभर खाली आणला. ते गेल्यावर मी पेटीचं भात्याच्या कातड्यासकट सगळं बदललं. त्या गंधाराला हात लावला नाही. सरळ करायचा असेल तर रेकॉर्डिंगच नक्को, म्हणलं.

तिनं कंप्युटरात एक सरळ गंधारही करून बघितला. दोन्ही गंधार हेडफोनवर ऐकवले, आपला आणि सरळ केलेला. "यातला तुमचा कुठला?"

ओळखू येईना. परत ऐकले. सत्तरी उलटलेल्या कानांची मला पहिल्यांदा भीती वाटली. कबूल करणं स्वभावात नाही, पण केलं. मग सुचलं. "खाली सा धर."

सा आला तसा एक गंधार थरथरायला लागला. दुसरा गप बसला, त्या सा-ला चिकटून. या दुसऱ्यासाठी मी बोट वर करायच्या आधी तीच म्हणाली, "हा. हा तुमचा."

"वडलांचा," मी म्हणलं.

तसाच ठेवला तिनं. नाव काय द्यायचं त्याला, म्हणून विचारलं. 'उतरवलेला' लिही, म्हणलं. तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मला ती वाचता येत नाहीत. मधला 'व' राहायला नको, म्हणून तीनदा वाचून घेतलं.