खोतकाकांच्या कुंडीतली कुळं

उभ्या पनवेलात आमच्या खोतकाकांइतकं मनापासून रागावणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्या रागातला निम्मा वाटा मुंग्यांनी खाल्ला. माझे वडील त्यांचे कूळ. कुळकायद्यानं शिरढोणकडचं शेत वडिलांच्या नावावर झालं, तेव्हा काका कित्येक दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग आपणच निरोप धाडून त्यांनी मला शाळेसाठी घरी ठेवून घेतलं. "शेत घेतलंत ते घेतलंत, आता पोरगा अडाणी राहिला तर लोक मला हसतील," असं वडिलांना सुनावलं. मी पदवीधर झालो तो त्या घरामुळे. हे आधीच सांगतो, कारण पुढे तक्रारी आहेत.

दिवाणखान्यात अर्ध्या पिंपाएवढाल्या कुंड्या, त्यांत पाम आणि पामांच्या मुळाशी मुंग्यांची वस्ती. "उताऱ्यावर नाव आहे का तुमचं?" काका कुंडीवर वाकून ओरडत. "माझ्या घरात राहता, माझी माती उकरता, वर मलाच चावता!" हळद झाली, हिंग झाला, चुन्याची निवळी झाली. तंबाखूचं पाणी ओतलं त्या संध्याकाळी मुंग्या तोंडात अंडी धरून निघाल्या, त्या थेट माझ्या अंथरुणात! सकाळी बीजगणिताची परीक्षा मी खाजवत दिली. घरी आलो तर काकांनी विचारलं, "अंथरुणात किती मेल्या रे?" पेपर कसा गेला, हे कुणी विचारावं की नाही?

"अहो, ती माती फेकून दुसरी घाला," काकू रोज सांगत. मीही एकदा बोलून बसलो. "माती फेका म्हणे! उद्या मला फेका!" काका असे उसळले की मी जेवायचाच राहिलो. मग काकूंनी मला हळूच सांगितलं. शेत गेलं त्याच आठवड्यात काकांनी गाडी जुंपून तिथली माती आणली होती. पाम नंतर आले. घरात माती ठेवायला काहीतरी निमित्त हवं होतं, इतकंच.

पुढच्या उन्हाळ्यात पाम पिवळे पडले. मुंग्यांनी मुळं उघडी पाडली होती. हे माझ्याकडून कळताच वडील मातीच्या टोपल्या घेऊन दारात हजर.

"खोत, ही घाला. शेतातलीच हाय. जुनी मी परत नेऊन तिथंच टाकतो, वाया नाय जायची."

काका लालबुंद झाले. "आता तू मला माती देणार? माझीच?"

"तुमचीच तं हाय."

"आणि हिच्यात मुंग्या नसतील कशावरून?"

"आसतील ना. त्या बी तिकडच्याच."

काकांनी टोपली पुढे ओढली. मग धोतर खोचून खाली बसले. "बघत काय उभा राहिलास? ढेकळं फोड! बारीक कर, अजून बारीक! इतकी वर्षं कसतोस, तुला सांगायला लागतं?"

"व्हय खोत," वडील म्हणाले आणि पुन्हा सावकाश माती चुरू लागले. शेत स्वतःच्या नावावर असलेला माणूस इतकं ऐकून का घेतो, म्हणून तेव्हा मला संताप आला होता. ती माती तर केव्हाच पुरेशी बारीक झाली होती.