सासऱ्यांचा मध आणि माझं पेलाभर पाणी

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने पाणी जरूर वाचवावं, पण माझ्यासारखं नाही! बादलीभर पाणी वाचवायला गेलो आणि बायको जायची वेळ आली. हसू नका, चहा सांडेल.

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. मी मूळचा उमरीचा. नवं लग्न, नवा जिल्हा, नव्या कचेरीत नवा कारकून. कचेरीच्या पाट्यांचा रंगसुद्धा ओला होता, आणि गावात ओलं असं तेवढंच होतं! पावसाने तोंड फिरवलेलं. नळाला पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसायचं. टँकरचा भोंगा वाजला की एरवी खुर्चीवरून न हलणारे साहेबलोक लुंगी सावरत घागरी घेऊन पळायचे.

अशात उदगीरहून माझे सासरे आले. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, महादेवाचे कट्टर भक्त आणि दारूचे त्याहून कट्टर वैरी. गल्लीतलं शिंदीचं दुकान त्यांनी दारात ठाण मांडून बंद पाडलं होतं. मी त्यांना मामा म्हणायचो. मामांनी पिशवीतून धोतरात गुंडाळलेली काचेची बरणी काढली आणि तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली.

"जावईबापू, महानंदा जन्मली त्या सालचा मध हाय ह्यो. शिवरात्रीला मी येतो. अभिषेक ह्याच मधानं."

महानंदा म्हणजे माझी बायको. म्हणजे मध बायकोच्या वयाचा! मी आपलं सहज विचारलं, "मामा, इतकी वर्षं नासला नाही?"

कुठून विचारलं असं झालं बघा.

"नासायला त्यात पाणी कुठं हाय? माशी पंखानं वारा घालू घालू पाणी उडवती, मगच पोळ्यातलं घर बंद करती. बुरशीला प्यायला थेंब न्हाई, जगंल कशावर? झाकण घट्ट लावा. ओला चमचा घालायचा न्हाई. उघडा ठेवला तर हवेतली ओलबी ओढून घेतो त्यो. ऊन दाखवायचं न्हाई. अन् थंडीत थिजला तर भ्यायचं न्हाई. बरणी कोमट पाण्यात ठेवा, होतो पातळ."

मी 'हाव हाव' करत होतो. लक्ष सगळं चिवड्याच्या ताटलीकडे!

थंडी पडली आणि मध खरंच थिजला. पांढरा, रवाळ, तुपासारखा. महानंदा म्हणाली, "अहो, माझ्या अप्पांनी सांगितलं तसं कोमट पाण्यात ठेवा की बरणी." आणि गेली शेजारी पापड लाटायला.

आता तुम्हीच सांगा, बरणी बुडायला पाणी किती लागेल? बादलीभर! त्या दिवसांत बादलीभर पाण्यात घर अंघोळ करायचं, भांडी निघायची, उरलं तर तुळशीलाही मिळायचं. मी बरणीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटी पाण्याची आणि मधाची गाठ पडल्याशी कारण ना? मग बरणी पाण्यात घालण्याऐवजी पाणीच बरणीत घातलं तर?

पेलाभर कोमट पाणी ओतलं आणि चमच्याने ढवळलं. चमचा ओला होता का म्हणता? अहो, चमच्याचं काय घेऊन बसलात!

मध कसा सरसरीत झाला! बादली वाचली. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी ही युक्ती सांगितली तेव्हा हेडक्लार्कनेही मान डोलावली. अशी कचेरी, असा जिल्हा!

ऊन लागू नये म्हणून बरणी मी ज्वारीच्या पिंपामागे अंधारात ठेवली होती. शिवरात्र जवळ आली तसा पिंपामागून आवाज यायला लागला. फुस्स... फुस्स... बघतो तर मधावर फेस. मला वाटलं, जुना मध जागा झाला! मामांचं वाक्य आठवलं, झाकण घट्ट. मी ते अंगाचा जोर लावून आवळलं आणि वर वरवंटा ठेवला.

शिवरात्रीला मामा आले. शेजारचे रिटायर पोलीस जमादारही दर्शनाला येऊन बसले. मामांचा कडक उपास. मंत्र म्हणत त्यांनी बरणी मांडीवर घेतली आणि झाकण फिरवलं.

फाट्ट!

झाकण गेलं फळीवरच्या डब्यांत आणि फेस गेला मामांच्या भस्मावर. घरभर असा आंबूस वास सुटला की जमादारांचं नाक वर झालं. "शिंदी! नोकरीत अड्डे लई धरले, पण देवघरातला पहिलाच!"

मामांनी ओठावरचा फेस जिभेने चाखला. चेहरा काळाठिक्कर.

"जावईबापू, मध पिऊन टाकला अन् बरणीत शिंदी भरून ठेवली? माझ्या पोरीच्या घरात? महानंदा, पिशवी भर! उदगीरची गाडी मिळती अजून."

मला वाटलं, ती काही बोलेल. ती डोळे पुसत खरंच पिशवी शोधायला लागली! म्हटलं, गेला संसार.

"मामा, महादेवाशप्पथ, मी फक्त पाणी घातलं!"

"पाणी? कशात?"

"मधात. पेलाभर. थिजला होता ना, तुम्हीच म्हणाला होता, कोमट पाणी..."

"बरणी पाण्यात ठेवा म्हणलं होतं!"

"हाव, पण बादली वाचवली मी..."

मामांनी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लेकीकडे.

"पोरी, राहू दे पिशवी," ते हळूच म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. पण त्यांचं पुरं झालं नव्हतं. "दारू असती तर सोडवली असती गं. ह्याला काय औषध हाय?"

बरणी जमादार घरी घेऊन गेले. "पुरावा म्हणून," म्हणाले.

पुढच्या साली मामांनी नवी बरणी आणली. मी हात पुढे केला, त्यांनी ती माझ्या खांद्यावरून महानंदाच्या हातात दिली.

"हे बघ पोरी, ऊन लागू देऊ नको, ओल लागू देऊ नको, अन् जावईबापूंचा हात लागू देऊ नको. मग ह्यो तुझ्या नातवंडांनाबी पुरतो."

पुरलाय हो! अजून आहे घरात. कुठे ठेवलाय, ते मात्र मला अजून माहीत नाही.