ब्रेकबाईंची भाकितं

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळा रस्ता ब्रेकबाई म्हणून ओळखायचा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय कायम त्यावर आणि जीभ पायाच्याही पुढे. शिकणाऱ्याच्या हातून चूक होण्याआधीच त्या ती जाहीर करायच्या. "आता खांबाला घासणार!" म्हटलं की गाडी निघालीच खांबाकडे. "बंद पडणार बघ!" की पडलीच बंद. मग बाई ऐटीत म्हणायच्या, "बघा, म्हटलं नव्हतं?"

"हवामान खात्यात असतीस तर नाव काढलं असतंस," असं नवरा म्हणायचा.

पण सून शिकायला बसली आणि गंमत संपली. सुनेला रुग्णवाहिका चालवायची होती. तिच्या वडिलांना गाडी वेळेवर मिळाली नाही, तेव्हापासून तिने हे मनात घेतलं होतं. इस्पितळाने जागा देऊ केली होती, पण सोमवारी परवाना हातात हवा. आणि ती दोनदा नापास झालेली, तेही एकाच ठिकाणी. चढावर गाडी थांबवायची आणि पुन्हा वर काढायची. तिची गाडी घसरायची मागे. शुक्रवारी शेवटची संधी होती.

त्याआधीच्या रविवारी चर्चमध्ये पाळक उपासनेत म्हणाले, "सुरुवातीला सगळा अंधार होता. देव काय बोलला? 'बाप रे, केवढा अंधार' म्हणाला का? त्याला जे हवं होतं, ते बोलला. 'प्रकाश होवो' म्हणाला, आणि झाला. आपण मात्र घरात दिवसभर अंधाराचंच वर्णन करत बसतो!"

सगळे हसले. ब्रेकबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर तो चढ आला आणि कानात स्वतःचाच आवाज घुमला, "गेली, गेली, मागे गेली!" सुनेच्या कानात तो रोज ओतला होता.

गुरुवारी संध्याकाळी दोघी चढावर गेल्या.

"आई, मला नाही जमणार," सून पुटपुटली.

बाईंनी पाय ब्रेकवरून मागे घेतला. "आधी माझं ऐक. तू दोनदा नापास झालीस, त्यात अर्धा वाटा माझ्या तोंडाचा. चुकलंच माझं."

सुनेचा पाय क्लचवरून असा सटकला की गाडी गचका खाऊन बंद पडली. "आई, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"धडधाकट आहे. चावी फिरव."

गाडी सुरू झाली आणि बाईंच्या घशाशी जुनं वाक्य आलंच. "गे..." त्यांनी ओठ दाताखाली धरला. प्रभू, आवर मला! मग सावकाश म्हणाल्या, "क्लच हळू सोड. अजून हळू, घाई करतेस. हं. इंजिनाचा आवाज जड झाला? आता हँडब्रेक खाली. वर जाणार आहेस तू."

गाडी थरथरली, अडली, आणि सरसर वर चढली! सून किंचाळली, तिच्याहून मोठ्याने बाई किंचाळल्या. "परत!" म्हणाल्या. अंधार पडेपर्यंत परत, परत, परत. चुकलं तर चुकलं म्हणत होत्या, खोटं कौतुक नव्हतं. पण होणाऱ्या चुकीचं भाकीत एकदाही नाही.

शुक्रवारी सुनेशेजारी परीक्षक बसले आणि बाई चढाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. हात घट्ट जुळलेले. गाडी चढावर मधोमध थांबली. मग तसूभर मागे आली.

शेजारी उभा दुसरा शिकवणारा म्हणाला, "गेली तुमची सूनबाई! नेहमीसारखीच!"

"गप्प बसा हो!" बाई कडाडल्या. "वर जाणार आहे ती! देवाने पाय दिलेत तिला, डोकंही दिलंय. वर जाणार!"

गाडीच्या खिडकीतून परीक्षकांचं डोकं बाहेर आलं. "ओ बाई! बाहेरून सूचना चालणार नाहीत!"

"सूचना नाही साहेब, आशीर्वाद आहे!"

चढावरच्या सगळ्यांत खसखस पिकली. परीक्षकांनी हसू दाबत डोकं आत घेतलं. इंजिनाचा आवाज जड झाला. गाडी क्षणभर जागच्या जागी उभी राहिली आणि मग, थेट, एकाही हिसक्याशिवाय, माथ्यावर!

सून उतरली ती धावतच आली. "आई, पास! सोमवारपासून कामावर!" दोघी भर रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं.

घरी निघताना बाई सवयीने पुढच्या दाराकडे वळल्या.

"तिथे नाही. आज मागे बसा," सून म्हणाली.

बाई मागे बसल्या. वळणावर समोरून भलामोठा ट्रक आला. बाईंचं तोंड उघडलं.

"काही म्हणालात, आई?" आरशातून प्रश्न आला.

बाईंनी आवंढा गिळला. "म्हटलं... झकास चालवतेस गं."

"थँक्यू. पट्टा लावा आधी."

"लावते, बाई, लावते!" म्हणत ब्रेकबाई पट्ट्याचं टोक शोधायला लागल्या.