लोलांनी पुढे केलेला हात

आई गेली आणि मी देवापुढे दिवा लावणं बंद केलं. भांडणच म्हणा ना. इथे सिंगापुरात मी दुसऱ्यांच्या आया सांभाळत होते आणि माझी आई तिकडे साताऱ्यात माझी वाट बघत गेली. मग कसला देव अन् कसलं काय!

इथल्या टॅम्पिनीस भागातल्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये लोला यायच्या. फिलिपिनो लोक आजीला लोला म्हणतात. लेकीकडे राहायला आलेल्या, किडन्या निकामी झालेल्या. खुर्चीत बसल्या की उजवा हात पालथा माझ्यापुढे धरायच्या. मी लगेच बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावायची. किती शहाणी पेशंट, न सांगता हात देते, असं मला वाटायचं. त्या जरा वेळ माझ्याकडे बघायच्या आणि मग मान फिरवायच्या.

एक दिवस त्यांनी सुई टोचायचा डावा हात शालीखाली घेतला. "इनफ, सिस्टर. नो मोर." डॉक्टरांनी समजावलं. मी मुळातच फटकळ, मी तर तडकलेच, "लोला, डायलिसिस सोडलंत तर जीव जाईल!"

"आय नो," त्या शांतपणे म्हणाल्या.

फोन केल्यावर त्यांची लेक धावत आली. आल्या आल्या तिने आईचा उजवा हात उचलून स्वतःच्या कपाळाला टेकवला. लोला काहीतरी पुटपुटल्या. हे काय, मी विचारलं. आमच्यात मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात, ती म्हणाली. मग रडायलाच लागली. "आईला वाटतं, सगळे नुसतं तिचं करतात. तिचा कुणाला काही उपयोग उरला नाही."

अगं बाई! इतके महिने ही माऊली मला आशीर्वाद देत होती आणि मी तिच्या बोटाला चिमटा लावत होते.

मी ग्लोव्हज काढले, वाकले आणि तो गार, सुरकुतलेला हात कपाळाला लावला. आई गेल्यापासून मी कुणापुढे वाकले नव्हते. एकदम रडू फुटलं. "लोला, माझी आई गेली हो," कसंबसं इंग्रजीत म्हटलं. त्यांनी हात काढला नाही. त्यांच्या भाषेत बराच वेळ प्रार्थना म्हणत राहिल्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण आतलं काहीतरी सैल झालं.

मग त्यांनी विचारलं, "बुधवारी तुझी ड्यूटी आहे?"

"आहे."

"मग मला यायला हवं," म्हणाल्या आणि शालीखालून डावा हात बाहेर काढला.

हे देवाने केलं की कसं, या वादात मी पडत नाही. मी आपली द्यायला निघाले होते, घेण्यासाठी मात्र वाकावं लागलं. लोला अजून येतात. आधी आशीर्वाद, मग क्लिप. घरी देवापुढे पुन्हा दिवा लागतो. भांडण पुरतं मिटलेलं नाही, पण आमचं बोलणं सुरू झालंय.